चौथी खूण

सावळदबर्डीच्या माळावर
धावपट्टी म्हणजे दगड वेचून काढलेली मुरमाची पट्टी,
टोकाला जिनिंगवाल्यांचं टिनाचं जुनं गोदाम
आणि गोदामात पुष्पक,
कापडी पंखांचं, दोन माणसांचं विमान,
माझ्या बापाहून चार वर्षांनी लहान.

बाप चौकीदार. माझं अक्षर बरं,
म्हणून तेलाची वही माझ्याकडे.
नथ्थूजी बोरकुटे काठी ओढायचे,
मांजरपाटाच्या तुकड्यानं पुसायचे,
पुन्हा घालायचे, पुन्हा ओढायचे.
पहिल्या खेपेला काठी जे सांगते
ते ऐकायचंच नाही.
मग उजेडात आडवी धरून:
"लिव कुंदे, चौथीच्या नखभर खाली."

एका चाकात हवा कमी असली
तर काठीसुद्धा खोटं बोलते,
म्हणून आधी चाकं बघायची.
नुकतंच उतरलं असेल तर थांबायचं,
वर चढलेलं तेल खाली निथळेस्तोवर,
एक विडी, कधी दोन.
नवतपात जाड तेल, पुसात पातळ.
तासाला पाव माप, एवढं त्याचं खाणं.

पाचव्या खुणेशी कारखान्यानं इंग्रजीत कोरलं होतं की टाकी भरली.
नथ्थूजी तिथवर कधी गेले नाहीत.
नागपूरहून नवे सेक्रेटरी आले, पातूरकर,
त्यांनी उभ्याउभ्या वही वाचली
आणि म्हणाले, पाच म्हणजे पाच.
"भरा म्हनता तं भरतो."
दुधाच्या पितळी मापानं पाचवं ओतलं,
धार तुटली तरी माप उलटं धरून ठेवलं,
शेवटचा थेंबही साहेबांचाच.

वर्धा नदीवरून तासाभरानं फिरून आले
तेव्हा विमानाचं पोट
शेपटीपर्यंत काळं, ओलं,
त्यावर चिकटलेला कापूस आणि एक टोळ.
नथ्थूजी खाली उताणे झोपले,
रॉकेलच्या बोळ्यानं पुसता पुसता म्हणाले,
"हे पाहा साहेब, तुमचं पाचवं.
त्याले जेवढं पचते तेवढंच तो ठेवते.
पंगतीत लई आग्रह केला
तं पाव्हना घराबाहेर जाऊन ओकते."

पुढं एका हिवाळ्यात वही बिघडली.
तासाला अर्धं माप. मग पाऊण.
पोट कोरडं, जमिनीवर डाग नाही,
म्हणजे सांडत नव्हतं, जळत होतं.
नथ्थूजींनी जाळी काढून
अंगठ्याच्या नखावर काळं चोळलं,
उन्हात धरलं.
जत्रेतल्या बांगडीवरची असते तशी चमकी.
बराच वेळ कोणाशी बोलले नाहीत.

बाहेर पाहुणे उभे, गळ्यात कॅमेरे,
सेक्रेटरी म्हणाले, दोन मापं जास्त टाका,
अर्ध्या तासाचा तर प्रश्न.
नथ्थूजींनी काठी पुसली,
सदऱ्याच्या खिशात उभी खोवली
आणि सायकलवर बसून घरी गेले.
काठीवाचून भोक उघडं, भोक उघडं तर उड्डाण नाही.
साहेब ओरडत पराट्यांपर्यंत मागे धावले, बूट घालून.

त्यानंतर ते उडालं नाही.
कागद संपले, मग क्लब संपला, साहेबांची बदली झाली.
बुटीबोरीला मुलाकडे जाताना
नथ्थूजी काठी जागेवर खोचून गेले.

मी आता अंगणवाडीत वजनाची वही भरते,
रविवारी गोदामाचं कुलूप काढते,
स्विच बंद आहे ना, दोनदा बघते,
हातानं पंखा चार वेळा फिरवते.
थोडा वेळ थांबते. विडी मी ओढत नाही.
मग काठी: पुसून, पुन्हा घालून, पुन्हा ओढून.
चौथी.
पुढच्या रविवारी चौथी.
सात पानं नुसती चौथी,
कुणी बघितलं तर म्हणेल,
बाई घरी बसून लिहिते.

काल मात्र इंजिनाखालच्या पत्र्यावर
एक थेंब होता.
बोटावर घेतला, चोळला, दाराशी जाऊन बघितला.
काही दिसलं नाही. तेलच होतं.
वहीत त्याला रकाना नाही,
म्हणून समासात लिहिलं,
आणि बोट पुसायचं राहिलं ते
घरी येऊन भाकरी थापायला बसेपर्यंत.